पडक्या हवेलीतलं भूत कशावर बघावं: फुकटच्या अपलोडवर की जुन्या डिस्कवर?

गेल्या आठवड्यात तालमीजवळच्या चहाच्या गाड्यावर आमच्या गल्लीतल्या एका पोरानं गाठलं. म्हणाला, "दादा, मला पण तुमच्यागत जुन्या भुताच्या पिच्चरचा नाद लागलाय. आता डिस्क प्लेअर घेऊ, का मोबाईलवर सगळं फुकट हाय तिथंच बघू?" चहा संपेपर्यंत सांगून होईल एवढं छोटं उत्तर माझ्याकडं नव्हतं. त्याच्यासारखे आणखीही काहीजण याच विचारात असतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रामसे बंधू म्हणजे कमी खर्चात हिंदी भुताचे चित्रपट काढणारं घराणं, आणि व्हीसीडी म्हणजे डीव्हीडीच्या आधीची चित्रपटाची सीडी, यापेक्षा जास्त सांगत बसत नाही. आणि 'किती वाईट आहे बघा' म्हणून चार टाळकी जमवून हसायला ज्यांना हे चित्रपट लागतात, त्यांच्यासाठीही हे लिहीत नाही. मी हे चित्रपट मनापासून बघतो. हातात पैसा नाही, नट मोठा नाही, एक भाड्याची हवेली, धुराचं मशीन आणि दोन रंगीत दिवे, एवढ्यावर माणसाच्या पोटात गोळा आणायचा, ही कला आहे असं मला वाटतं. ती नीट बघायची असेल तर कशावर बघायची, एवढाच प्रश्न.

मी दोन्ही केलंय. 1993 साली टीव्हीवर 'झी हॉरर शो' लागायचा तेव्हा शाळेत होतो, तेव्हापासूनचा हा नाद. पुढं कमवायला लागल्यावर व्हीसीडी जमवल्या, मग डीव्हीडी. मध्ये पाच-सहा वर्षं सगळं माळ्यावर टाकून फक्त ऑनलाइन बघत होतो.

ऑनलाइनचं जे चांगलं आहे ते आधी कबूल करतो. रामसेंच्या पलीकडं जायचं असेल तर त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. मोहन भाकरींचे 'खूनी महल' (1987) आणि 'कब्रस्तान' (1988), विनोद तलवारांचा 'रात के अंधेरे में' (1987), यांची धड डिस्क मला कोल्हापुरात तरी कधी मिळाली नाही. लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात किती रविवार घातले असतील. शेवटी हे सगळे मी स्क्रीनवरच बघितले, आणि ज्यांनी कुणी ते चढवले त्यांचे मनात आभारही मानले.

परदेशी चित्रपटांचं तर आणखी वेगळं. अमेरिकेतले कितीतरी कमी खर्चाचे भयपट कॉपीराइटच्या बाहेर आहेत. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (1968) ची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. चित्रपटाचं नाव ऐनवेळी बदललं, नवी पाटी घालताना तिच्यावरची कॉपीराइटची ओळ राहून गेली, आणि त्या काळच्या कायद्यानं हक्कच गेला. मग ज्याला जमेल त्यानं प्रती काढल्या, त्यातल्या कित्येक अगदी धुरकट. 2016 मध्ये मूळ निगेटिव्हवरून त्याची दुरुस्त प्रत तयार झाली, ती बघितल्यावर मला कळलं की तो चित्रपट मुळात इतका स्वच्छ टिपला होता. 'कार्निव्हल ऑफ सोल्स' (1962) सुद्धा असाच मोकळा आहे, आणि रॉजर कॉर्मननं जेमतेम दोन दिवसांत उरकलेला 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' (1960) सुद्धा. हे बघायला कुणी डिस्क विकत घ्यावी असं मी म्हणणार नाही. शोधलं तर चांगली प्रत सापडते, तीही राजरोस.

म्हणजे नाव काढेल तो चित्रपट घरबसल्या, पैसा न देता. एवढं असताना मी माळ्यावरची खोकी खाली का काढली?

एका हातामुळं.

चित्रपटाचं नाव सांगत नाही, पुढं बघणाऱ्याची मजा जाईल. एका हिंदी भयपटात बाई रात्री एकटी पलंगाच्या कडेला बसलेली आहे, पाय खाली सोडलेले. कॅमेरा समोर, जागचा हलत नाही. ती केस विंचरते आहे, संगीत बंद झालंय, आणि पलंगाखालून एक हात सावकाश बाहेर येतो. बोटं आधी फरशीवर टेकतात, मग घोट्याकडं सरकतात. हे सगळं चित्राच्या अगदी तळाशी घडतं. वरच्या भागात बाई निवांत, खालच्या पट्ट्यात हात. दोन्ही एकाच वेळी दिसतं म्हणून तर भीती वाटते. मी हा प्रसंग व्हीसीडीवर बघितला होता, तो डोक्यात पक्का होता.

काही वर्षांनी तोच चित्रपट ऑनलाइन लावला. बाई बसली. केस विंचरू लागली. संगीत थांबलं. मी वाट बघतोय. आणि बाई एकदम किंचाळली! हात नाहीच. पाय पण नाहीत. गुडघ्याच्या वरच चित्र संपलेलं.

मागं नेऊन तीनदा बघितलं, मग लक्षात आलं. जुना चित्रपट जवळजवळ चौकोनी असतो, 4:3 च्या मापाचा. आताचा टीव्ही आणि मोबाईल लांबट, 16:9. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून चढवणाऱ्यानं चित्र मोठं करून वरून-खालून छाटलेलं. गणित केलं तर उंचीतला बरोबर पाव भाग जातो. चार आण्यांचं चित्र गेलं, आणि नेमके त्याच चार आण्यांत भूत होतं.

एकदा हे दिसायला लागलं की मग सगळीकडं दिसतं. रामसेंच्या 'पुराना मंदिर' (1984) मध्ये सामरी या राक्षसाचं काम करणारा अनिरुद्ध अग्रवाल आठवा. त्या माणसाची उंची हाच अर्धा मेकअप. तो दारात उभा राहिला की चौकट कमी पडते, म्हणून धडकी भरते. छाटलेल्या प्रतीत त्याचं कपाळ कापलं जातं आणि शेजारचा नटही तेवढाच उंच वाटायला लागतो. गंगू रामसेंनी कॅमेरा लावताना जुन्या वाड्याचं छत, झुंबर, जिन्याचा वरचा अंधार हे मुद्दाम चित्रात घेतलेलं असतं. छत गेलं की हवेलीची खोली होते. मोठ्या खर्चाच्या चित्रपटात एवढं बिघडत नसावं, कारण तिथं राक्षस मधोमध उभा करून चारही बाजूंनी दाखवायला परवडतं. कमी पैशात काम करणारा माणूस भूत कडेला ठेवतो. नुसता एक पंजा, नुसती सावली, दाराच्या फटीतला एक डोळा. पूर्ण भूत करायला पैसेच नसतात. त्यामुळं कड छाटली की या चित्रपटांचा जीवच जातो.

माझे काका सिनेमाचे बॅनर रंगवायचे. कोल्हापुरात त्या वेळी अशी बरीच घरं होती. बाबूराव पेंटरांनी इथंच कॅमेरा घडवून 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, ते मूळचे चित्रकारच. काका बॅनरला हात घालण्याआधी सुतळी ताणून चारी कडा आखून घ्यायचे. खिळे ठोकणारा पोऱ्या जास्तीचं कापड आत दुमडायला लागला की ओरडायचे, "कड मोडू नको रे, तिथं काहीतरी हाय!" आता छाटलेली प्रत समोर आली की मला त्यांचाच आवाज ऐकू येतो.

सगळ्याच ऑनलाइन प्रती अशा असतात असं नाही. काही पूर्ण चौकटीच्या असतात, त्या मीही बघतो. पण आधी कळायला मार्ग नाही. आणि पहिल्यांदाच बघणाऱ्याला तर आपल्यापासून काय लपलं हे कधीच कळत नाही. त्याला वाटतं, बाई उगाचच किंचाळली, चित्रपटच टुकार. मला या गोष्टीचा फार त्रास होतो.

आता डिस्क. व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं, मोठ्या टीव्हीवर ते विरळ दिसणारच. एका डिस्कवर जेमतेम 74 ते 80 मिनिटं बसतात, त्यामुळं चित्रपट दोन डिस्कवर आणि तोडलेला भलत्याच ठिकाणी. गाण्याच्या मधोमध डिस्क बदलायला उठलोय. अंधाराच्या प्रसंगात काळ्या रंगाचे चौकोन पडतात, ते ऑनलाइनलाही पडतात, त्यात डावं-उजवं करता येत नाही. कोपऱ्यात कंपनीची खूण असते. पण माझ्याकडच्या जुन्या व्हीसीडी आणि डीव्हीडींमध्ये चौकट जवळपास सगळीकडं शाबूत आहे, कारण त्या निघाल्या तेव्हा घरोघरचे टीव्हीच चौकोनी होते. छाटायचं काही कारणच नव्हतं. जमलं तर डीव्हीडी घ्या, ती व्हीसीडीपेक्षा कितीतरी उजळ. फक्त 'थ्री इन वन' टाळा. तीन चित्रपट एका डिस्कवर कोंबले की चित्राचा पार चिखल होतो.

बाजारात घेताना डिस्क उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढी भोकं चमकली तर ठेवून द्या. चरे बघायचे ते कुठल्या दिशेनं गेलेत हे बघून: मधून कडेकडं गेलेला चरा बहुतेक वेळा चालून जातो, गोल फिरलेला त्रास देतो. व्हीसीडीची छापील बाजू तर जास्त जपावी लागते, चकाकीचा थर तिच्याच खाली लगेच असतो. पुसायची तीही मधून बाहेर, गोल गोल नाही. मी दहा-वीस रुपयांपासून डिस्क घेतल्यात.

एक भीती मला सगळे घालतात, की डिस्क खराब होते, ऑनलाइन कायम राहतं. माझा अनुभव उलटा आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरात पंचगंगेचं पाणी आलं, तेव्हा डिस्कची खोकी खालच्या कपाटात होती. पाणी उतरल्यावर गाळात रुतलेली ती खोकी बाहेर काढली. कव्हरं, म्हणजे ती हातानं रंगवल्यासारखी दिसणारी भडक चित्रं, त्यांचा लगदा झाला होता, ते दुःख अजून आहे. डिस्क मात्र एकेक करून बादलीत साबणाच्या पाण्यात धुतल्या, अंगणात सुती धोतरावर मांडून सावलीत वाळवल्या. एकशे तीसच्या आसपास होत्या, त्यातल्या अकरा गेल्या. बाकीच्या आजही चालतात. त्याच काळात ऑनलाइन जपून ठेवलेली माझी यादी उघडून बघितली तर तिच्यातले कितीतरी चित्रपट काढून टाकलेले होते. ते का गेले, कुणी काढले, काही पत्ता नाही.

तिसरी वाट परदेशातून ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीपेक्षाही स्पष्ट चित्राची डिस्क, मागवायची. मोंडो मकाब्रो या कंपनीनं रामसेंचे चित्रपट नीट दुरुस्त करून काढलेत. राजारामपुरीतल्या एका मित्रानं त्यांचा संच मागवला होता, त्याच्याकडं बसून बघितला. निळा उजेड इतका खोल असतो हे मला पहिल्यांदा दिसलं. चौकट पूर्ण. यापेक्षा चांगलं बघायला मिळणार नाही हे मान्य. पण किंमत, टपालखर्च आणि जकात धरली तर सुरुवात करणाऱ्याच्या खिशाला ते झेपेल असं वाटत नाही. शिवाय ब्लू-रेसाठी जगाचे विभाग पाडलेत, आणि एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालेलच असं नाही. भारत सी विभागात येतो आणि अमेरिका ए मध्ये, तेव्हा मागवण्याआधी ती डिस्क आपल्या प्लेअरवर चालेल का हे विचारून घ्यावं लागतं. नाद पक्का झाला की त्या वाटेला जा.

तर त्या पोराला मी काय सांगितलं? परदेशी कृष्णधवल आणि भाकरी-तलवारांसाठी मोबाईल आहेच, तो ठेव. पण रामसे आणि त्यांच्या जातकुळीतलं जे डिस्कवर मिळतं, ते डिस्कवर बघ. कुणाला बाजार धुंडाळायचा कंटाळा असेल किंवा फक्त प्रवासात बघायचं असेल तर त्यानं ऑनलाइन बघावं, माझं काही म्हणणं नाही. माझ्यापुरतं मात्र त्या एका हातानं ठरवून टाकलंय.

प्लेअर घेतलाच तर आणखी एक काम आठवणीनं करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार 4:3 करून ठेवा. नाहीतर टीव्ही स्वतःच चित्र ताणतो किंवा मोठं करतो, आणि जी कड वाचवायला डिस्क आणली ती घरातच जाते. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, घरचे म्हणतील टीव्ही बिघडला. म्हणू देत.

रविवारी त्या पोराला घरी बोलावलं. भडंगाची पिशवी मध्ये ठेवली, दिवे घालवले. आधी मोबाईलवर तो पलंगाचा प्रसंग दाखवला. त्यानं खांदे उडवले. मग तोच डिस्कवर लावला आणि मी टीव्हीकडं न बघता त्याच्याकडं बघत बसलो. बाई केस विंचरत होती, संगीत थांबलं होतं. पोराचे पाय खाली फरशीवर होते, ते त्यानं हळूच उचलून सोफ्यावर घेतले.