ॲरोमँटिक म्हणावं की क्वारोमँटिक?

दोघांत थोरला शब्द 'ॲरोमँटिक', म्हणजे ज्याला रोमँटिक (प्रेमात पडण्याची) ओढ वाटत नाही किंवा जवळजवळ वाटत नाही असा माणूस. 2001 मध्ये डेव्हिड जे यांनी 'एव्हन' हे अलैंगिक, म्हणजे लैंगिक ओढ न वाटणाऱ्या मंडळींचं संकेतस्थळ काढलं. तिथल्या आणि तशाच इतर चर्चांतून लैंगिक ओढ आणि रोमँटिक ओढ वेगळी धरायची सवय लागली, आणि नकाराचा 'अ' लागून हा शब्द रुळला. 'क्वारोमँटिक', म्हणजे मैत्रीची ओढ कुठली आणि रोमँटिक ओढ कुठली हा भेदच ज्याला कळत किंवा लागू होत नाही तो, हा शब्द आला पुढच्या दशकातल्या ब्लॉगलेखनातून. त्याआधी त्याच अर्थाने 'डब्ल्यूटीएफरोमँटिक' चालायचा. पण शिवीचं लघुरूप आजीसमोर कोण उच्चारणार? त्याजागी फ्रेंच 'क्वा' बसला, म्हणजे 'काय?'. भाव तोच, तोंड सभ्य.

ओळखीच्या बाबतीत ॲरोमँटिक सरळ पुढे. 2014 पासूनचा पाच पट्ट्यांचा हिरवा-पांढरा-राखाडी-काळा झेंडा आहे, व्हॅलेंटाइन डेनंतर फेब्रुवारीत जागृती सप्ताह असतो, नुसतं 'ॲरो' म्हटलं तरी जाणकारांना कळतं. मराठीत टंकताना तेवढा अनुस्वार सांभाळा, नाहीतर 'ॲरोमॅटिक' होऊन अत्तराच्या दुकानात पोचाल.

माझं मन मात्र या शब्दावरून उतरतं ते त्याच्या व्याख्येपाशी. 'रोमँटिक ओढ अजिबात किंवा जवळजवळ वाटत नाही,' असं म्हणायचं तर ती ओढ कशी असते हे आधी माहीत हवं. एखाद्या मैत्रिणीची सतत आठवण येते, ती दुसऱ्या कुणात जास्त रमली की टोचतं, तिच्यासोबत घर करावंसं वाटतं. हे मैत्रीत धरलं तर तुम्ही ॲरोमँटिक, प्रेमात धरलं तर नाही. माणूस तोच, भावनाही त्याच, उत्तर मात्र रकान्यागणिक पालटतं. मग लोक वर्षानुवर्षं प्रश्नावल्या सोडवत बसतात. 'क्वा' या हिशेबातच पडत नाही: ज्याला हा भेद कळत नाही, किंवा तो भेद स्वतःला लागूच होत नाही असं वाटतं, त्याच्यासाठीच तो शब्द आहे.

ठरवायचं असेल तर आठवण, मत्सर आणि सहवासाची इच्छा या तिन्ही गोष्टी जवळच्या दोन-तीन नात्यांना लावून पाहा. वाटणी झटकन झाली आणि प्रेमाचा रकाना रिकामा राहिला, तर ॲरोमँटिक चपखल. उगाच दुसरा शोधू नये. वाटणीच अडली तर, माझ्या मते तरी, क्वारोमँटिक जास्त प्रामाणिक. दोन्ही शब्द जोडीने वापरणारेही पुष्कळ आहेत, मात्र प्रत्येक क्वारोमँटिक व्यक्ती स्वतःला ॲरो म्हणवतेच असं नाही. अनोळखी माणसापुढे 'ॲरो' सांगून वेळ भागते. जिथे दोन वाक्यं ऐकून घेणारं कुणी आहे, तिथे 'क्वा' म्हणावं.