865 गावांच्या नावावर विकलेली वयाची सवलत

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत कर्नाटकाच्या सीमाभागातील मराठी उमेदवारांना वयाची कोणतीही वेगळी सवलत नाही. हे वाक्य मला डिसेंबर 2023 मध्ये कोणी ठामपणे सांगितले असते, तर माझे 68 हजार रुपये आणि एक संपूर्ण वर्ष वाचले असते. बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील आणखी काही मुलांना हीच सवलत याच पद्धतीने विकली गेल्याचे मला अलीकडे समजले, म्हणून झालेला प्रकार जसाच्या तसा लिहीत आहे. त्यात माझी स्वतःची चूक कोठे होती, तेही लपवणार नाही.

मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यातला. बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत नोकरी करीत मी नागरी सेवा परीक्षेचे चार प्रयत्न केले. खुल्या प्रवर्गाला सहा प्रयत्न मिळतात, म्हणजे दोन शिल्लक होते. अडचण वयाची होती. परीक्षेच्या वर्षातील 1 ऑगस्टला वयाची 32 वर्षे पूर्ण झालेली नसावीत असा नियम असल्यामुळे, 2024 च्या परीक्षेसाठी जन्म 2 ऑगस्ट 1992 किंवा त्यानंतरचा असणे आवश्यक होते. माझा जन्म त्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेचा, म्हणजे ऑगस्टच्या मध्यावरचा. शाळेत नाव घालताना मात्र गुरुजींनी, त्या काळी सर्रास लिहीत तशी, 1 जून ही तारीख लिहिली आणि तीच एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर आली. आयोग जन्मतारखेसाठी मॅट्रिकचे प्रमाणपत्र ग्राह्य धरतो. जन्मपत्रिका, प्रतिज्ञापत्र किंवा नगरपालिकेचा उतारा यांपैकी काहीही चालत नाही, असे अधिसूचनेत स्पष्ट लिहिलेले असते. आईला माझा जन्म राखी पौर्णिमेचा म्हणून पक्का आठवतो, पण आईची आठवण आयोगाला चालत नाही. आपल्यावर अन्याय झाला आहे, अशी भावना घेऊन मी हिंडत होतो आणि अशा मनःस्थितीतला माणूस फसायला फार वेळ लागत नाही.

बेळगावच्या शहापुरातील एका गल्लीत, साड्यांच्या दुकानाच्या माडीवर, एक मार्गदर्शन केंद्र होते. तेथील गृहस्थ वयाने पन्नाशीचे, शुद्ध मराठी बोलणारे आणि समोरच्याला पहिल्याच भेटीत ‘साहेब’ म्हणणारे होते. ‘आत्तापासून सवय करून घ्या,’ असे ते वर हसून सांगत. माझी हकीकत ऐकल्यावर त्यांनी कपाटातून दोन कागद काढले. पहिला होता महाराष्ट्र शासनाच्या 2008 सालच्या परिपत्रकाची छायाप्रत. दुसरी होती नागरी सेवा परीक्षेच्या एका जुन्या अधिसूचनेतील पानाची.

दोन्ही कागद खरे होते, आणि म्हणूनच मी फसलो.

महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतील मराठी भाषिक उमेदवारांना महाराष्ट्र शासनाच्या सेवेसाठी अर्ज करता येतो आणि त्यासाठी त्या गावांतील 15 वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातील दाखला लागतो, ही तरतूद खरीच आहे; महाराष्ट्रातील भरतीच्या जाहिरातींत ती आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. जुन्या अधिसूचनेतले कलमही खरे होते. 1 जानेवारी 1980 ते 31 डिसेंबर 1989 या काळात जम्मू-काश्मीर राज्यात सर्वसाधारण रहिवासी असलेल्या उमेदवारांना पूर्वी पाच वर्षांची वयोसवलत मिळत असे. त्या गृहस्थांनी या दोन खऱ्या गोष्टींना एका खोट्या वाक्याने जोडले. ते म्हणाले, ‘काश्मीर हा वादग्रस्त भाग म्हणून त्यांना सवलत मिळाली. आपला दावाही 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मग आपला भाग वादग्रस्त नव्हे काय? सवलत आहे, फक्त ती जाहीर करीत नाहीत. 15 वर्षांचा दाखला जोडला की पाच वर्षे मिळतात.’

‘जाहीर करीत नाहीत’ हे शब्द ऐकताच मी उठून जायला हवे होते. ज्या परीक्षेची अधिसूचना पानेच्या पाने लांब असते आणि वयाच्या प्रत्येक सवलतीचे कलम जिच्यात स्वतंत्र छापलेले असते, त्या परीक्षेत एखादी सवलत गुपचूप कशी असेल? परंतु 1956 पासून आपल्यावर अन्याय झाला हे ऐकतच मी लहानाचा मोठा झालो, आणि त्या अन्यायाची कोणीतरी थोडी भरपाई करीत आहे हे ऐकायला गोड वाटले. सीमाप्रश्नावरील माझी श्रद्धा त्या गृहस्थांनी बरोबर ओळखली आणि तिचीच किंमत लावली.

ठरलेली रक्कम 68 हजार रुपये होती. 18 हजार रोख दिले. उरलेले 50 हजार वडिलांच्या उसाच्या बिलातून यूपीआयने एका खासगी व्यक्तीच्या खात्यावर पाठवले. पावती मिळाली ती 18 हजारांचीच, आणि तिच्यावर ‘मार्गदर्शन शुल्क’ एवढेच लिहिलेले होते. दाखल्याचा किंवा सवलतीचा कोठेही उल्लेख नव्हता. जानेवारीत मला गोल शिक्का आणि न वाचता येणारी सही असलेला एक ‘सीमाभाग रहिवास दाखला’ देण्यात आला. तो कोणत्या कार्यालयातून निघाला हे विचारल्यावर ‘वरून’ असे उत्तर मिळाले.

14 फेब्रुवारी 2024 रोजी अधिसूचना निघाली. अर्ज भरण्याचे काम मार्गदर्शन केंद्राने स्वतःकडे घेतले, त्यासाठी ईमेल आणि मोबाइल क्रमांकही त्यांचेच वापरले. त्याच वेळी त्यांनी मला आणखी एक गोष्ट बजावून सांगितली, जी पुढे सगळ्यात महाग पडली: ‘दुसऱ्या कोणत्याही आयोगाचा अर्ज भरू नका, दोन ठिकाणी नाव दिसले की सीमाभागाची सवलत रद्द होते.’ माझ्याबरोबर त्या माडीवर बसणाऱ्या निपाणीच्या एका मुलीला याच गृहस्थांनी, मराठी माध्यमातून शिकलेल्यांना कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील कन्नडचा पेपर माफ असतो, असे सांगून वेगळे पैसे घेतले होते. तो पेपर सक्तीचा असून त्यात उत्तीर्ण व्हावेच लागते.

एप्रिलमध्ये मी अर्जाची प्रत मागू लागलो. तीन आठवडे टाळाटाळ झाली, शेवटी एकदाची प्रत मिळाली. इंग्रजीतील तो कागद घेऊन मी खानापुरातील माझ्या निवृत्त सरांकडे गेलो. सरांनी चष्मा लावून दोन मिनिटे वाचले आणि विचारले, ‘तू ओबीसी कधीपासून झालास रे?’

त्या प्रतीत सीमाभाग हा शब्दच नव्हता. संगणकाला माझी जन्मतारीख मान्य व्हावी म्हणून माझ्या नावापुढे इतर मागासवर्ग हा प्रवर्ग टाकण्यात आला होता, ज्याला तीन वर्षांची सवलत आहे. आमची जात कर्नाटकाच्या मागासवर्गीयांच्या यादीत 3-बी गटात येते, केंद्राच्या ओबीसी यादीत ती नाही. राज्याची यादी आणि केंद्राची यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नागरी सेवा परीक्षेला केंद्राचीच यादी लागते, हे आपल्याकडच्या पुष्कळ मुलांना माहीत नसते. मलाही ते नीटसे माहीत नव्हते. केंद्राची यादी राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर राज्यवार पाहता येते. शिवाय यादीत जात असली तरी उन्नत गटात (क्रीमी लेयरमध्ये) न मोडल्याचे केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागतेच.

सरांनी मग मला त्याच वर्षीच्या अधिसूचनेतील वयोमर्यादेचे कलम मोठ्याने वाचायला लावले. अनुसूचित जाती व जमातींना पाच वर्षे, इतर मागासवर्गाला तीन, माजी सैनिकांना पाच, लढाईत जायबंदी होऊन सेवेतून मुक्त झालेल्या संरक्षण दलातील व्यक्तींना तीन, दिव्यांगांना दहा. जम्मू-काश्मीरचे कलमसुद्धा त्यात आता नव्हते. मला दाखवलेले पान काही वर्षांपूर्वीचे होते आणि त्यावरचे साल मी पाहिलेच नव्हते.

पैसे गेल्याचे दुःख तेव्हा मागे पडले, कारण खोटी माहिती भरलेला तो अर्ज माझ्या नावाचा होता. खोटी माहिती किंवा बनावट कागद दिल्यास उमेदवारी रद्द होते, कायमची किंवा ठरावीक काळाची बंदी येते आणि फौजदारी कारवाईही होऊ शकते. अर्ज दुसऱ्याने भरला ही सबब तेथे ऐकली जात नाही. त्याच वर्षी 31 जुलैला आयोगाने, प्रशिक्षण घेत असलेल्या एका परिविक्षाधीन अधिकाऱ्याची निवड, ओळख बदलून मर्यादेपेक्षा जास्त प्रयत्न केल्याच्या कारणावरून रद्द केली आणि पुढील सर्व परीक्षांना कायमची बंदी घातली. ती बातमी वाचताना माझ्या अंगावर काटा आला. 16 जूनच्या पूर्वपरीक्षेला मी गेलो नव्हतो, हे त्यातल्या त्यात बरे झाले. अर्ज भरल्याने प्रयत्न मोजला जात नाही. पूर्वपरीक्षेच्या एका पेपरला जरी बसले तरी तो मोजला जातो, आणि नंतर उमेदवारी रद्द झाली तरी मोजलेला प्रयत्न परत मिळत नाही.

आता त्या महाग पडलेल्या सल्ल्याविषयी. ज्या फेब्रुवारीत मी माडीवर बसून ‘वरून’ आलेला दाखला जपत होतो, त्याच महिन्याच्या 26 तारखेला कर्नाटक लोकसेवा आयोगाने 384 गॅझेटेड प्रोबेशनर (राजपत्रित अधिकारी) पदांची जाहिरात काढली. त्या परीक्षेत 3-बी गटाची वयोमर्यादा 38 होती. मी पूर्णपणे पात्र होतो आणि अर्ज भरला नाही. महाराष्ट्राच्या राज्यसेवा परीक्षेची खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादाही 38 आहे. माझे गाव 865 गावांत आहे; म्हणजे ज्या तरतुदीच्या नावावर मला लुटले, ती तरतूद मला जेथे खरोखर उपयोगी होती तेथे मी ती वापरलीच नाही. अर्थात, कर्नाटकाचा 3-बी दाखला महाराष्ट्रात आरक्षणासाठी चालत नाही, हेही येथे सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कोणी त्याचेही दुकान उघडेल.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा माडीला कुलूप होते. यूपीआयने पैसे गेले असल्यास सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करायची असते. मी चार महिन्यांनी केली, तोवर त्या खात्यात काही उरले नव्हते. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्ला मिळाला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तेथे शुल्क लागत नाही आणि वकील असणे सक्तीचे नाही.

निपाणीची ती मुलगी, चंदगडच्या बाजूचे दोघे आणि मी अशा चौघांनी कागद एकत्र केले आहेत. हित समान असलेल्या ग्राहकांना ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रार देता येते. ज्यांच्याकडे ‘मार्गदर्शन शुल्क’ असे लिहिलेली पावती आणि गोल शिक्क्याचा असाच दाखला असेल, त्यांनी लाजेखातर ते फाडून टाकू नयेत, तो दाखला कोठेही जोडू नये, आणि आपल्या नावाने कोणता अर्ज कोणत्या प्रवर्गात भरला गेला आहे त्याची प्रत आजच मागवून घ्यावी.