मांजर आत, शिंजीर बाहेर: गॅलरीला कोणती जाळी?

ठाण्यात घोडबंदर रोडचा टॉवर असो की नवी मुंबईत नेरूळची सोसायटी, जास्वंदीवर शिंजीर (फुलातला मध पिणारा इवलासा पक्षी), रेलिंगवर बुलबुल आणि पाइपावरून पळणारी खार येतेच. घरात मांजर असेल तर मध्ये जाळी हवी. ती निवडताना नुसतं मांजर पडणार नाही एवढंच बघू नका, पाखरू आत येणार नाही हेही बघा.

नायलॉनची कबुतर-जाळी सगळ्यात स्वस्त. भाड्याच्या घरात तीच परवडते, हुक काढले की निघते. पण मांजर एकाच जागी कुरतडत बसलं की भोक पडतं, आणि उन्हाने दोरा कडक होऊन तुटायला लागतो. सैल राहिली तर पाखरांचे पाय अडकतात, म्हणून ताणूनच बसवा आणि आठवड्याला खालची कड हाताने चाचपा.

इनव्हिजिबल ग्रिल, म्हणजे उभ्या ताणलेल्या बारीक स्टीलच्या तारा, दिसायला छान, पण या कामाला सगळ्यात वाईट. दोन इंचांच्या फटीतून मांजराचं पिल्लू निसटतं आणि शिंजीर थेट मांजराच्या पुढ्यात येतो.

स्टेनलेस स्टीलची अर्ध्या इंचाच्या चौकटींची वेल्ड मेश (तारा एकमेकींना जोडून केलेली कडक जाळी) महाग पडते, तरी आमचं मत तिलाच. पंजाही बाहेर जात नाही. ३०४ ग्रेड चालतो; ऐरोली-सीवूड्ससारख्या खाडीलगतच्या भागात ३१६ घ्या, तो खाऱ्या हवेत कमी गंजतो. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) जाळी खाऱ्या हवेत आधी जोडांवर गंजते. जागा असेल तर फ्रेम रेलिंगच्या दीड फूट आत उभी करा, मधल्या पट्ट्यात कुंड्या, आणि पाणी घालायला कडीचं छोटं दार. बाहेरची भिंत तशीच राहते, त्यामुळे सोसायटीची कुरकुरही कमी. त्या पट्ट्यात मातीच्या थाळीत दीड इंच पाणी ठेवा, रोज घासून बदला, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. दाणे नकोत, कबुतरं आणि उंदीर येतात. लिली तर घरातच नको, तिच्या परागानेही मांजराची किडनी निकामी होते.

बेलापूर-खारघरच्या रो-हाउसमध्ये प्रश्न वेगळा, मांजर थेट अंगणात उतरतं. गळ्यातल्या घुंगराने मोठा पक्षी सावध होईलही, पण घरट्यातून नुकतंच उतरलेलं बुलबुलाचं पिल्लू उडूच शकत नाही. त्यापेक्षा हार्नेस (अंगाभोवतीचा पट्टा) आणि दोरी, तीही तुम्ही सोबत असताना. ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला बिबट्या फिरतो, तिथे संध्याकाळनंतर मांजर आतच.

मांजराने पक्षी धरलाच, तर जखम दिसो न दिसो, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका आणि त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. मांजराच्या लाळेतल्या जंतूंमुळे वरवर धडधाकट दिसणारं पाखरूही एक-दोन दिवसांत दगावतं. वेळेवर अँटिबायोटिक मिळालं तरच आशा असते.