महापार : गोपनीय अहवालाच्या ऑनलाइन सेवेचे परीक्षण

वरिष्ठ आणि कनिष्ठ यांचे कसे जमते हे पाहायचे असेल, तर सरकारी कार्यालयात गोपनीय अहवालांच्या हंगामात जावे. 1 एप्रिल ते 31 मार्च या वर्षातील कामाचे मूल्यमापन त्यात होते आणि पदोन्नतीच नव्हे, तर 10, 20 व 30 वर्षांच्या सेवेनंतरचा आश्वासित प्रगती योजनेचा (पदोन्नती न मिळताही वरच्या वेतनाचा) लाभही त्यावर अवलंबून असतो. राज्य शासनाच्या महापार प्रणालीत अधिकाऱ्यांचे हे अहवाल ऑनलाइन लिहिले जातात.

कागदी पद्धत ज्यांनी भोगली आहे त्यांनाच या सेवेचे मोल कळेल. माझ्या एका जुन्या कार्यालयात कोरे नमुने आस्थापना शाखेच्या लोखंडी कपाटात पडून असत. प्रतिवेदन अधिकाऱ्यांची, म्हणजे अहवाल लिहिणाऱ्या वरिष्ठांची, बदली झाली की सहीसाठी माणूस दुसऱ्या जिल्ह्यात धाडावा लागे, आणि पदोन्नती समितीची बैठक तोंडावर आली की मागील तीन-चार वर्षांचे अहवाल एकाच दुपारी, एकाच पेनाने, ‘कामकाज समाधानकारक’ या एकाच शेऱ्यासह उरकले जात. आता स्वयंमूल्यनिर्धारण आपण भरतो, ते प्रतिवेदन आणि मग त्यांचे लेखन तपासणाऱ्या पुनर्विलोकन अधिकाऱ्यांकडे जाते, आणि अहवाल कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहता येते. त्यासाठी आस्थापना लिपिकाची मनधरणी करावी लागत नाही, हा दिलासा लहान नाही.

अंतिम प्रतवारी संबंधिताला कळणे ही मात्र संगणकाची देणगी नव्हे. सीमा रस्ते संघटनेतील अभियंता देव दत्त यांना 1993-94 चा ‘चांगला’ शेरा कळवलाच गेला नव्हता आणि पदोन्नतीसाठी ‘अतिशय चांगला’ आवश्यक असल्याने तोच त्यांच्या आड आला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये प्रत्येक नोंद कळवलीच पाहिजे असा निकाल दिला. अहवालाला आपण सवयीने गोपनीय म्हणतो एवढेच.

उणीव रचनेतच आहे. मूल्यमापन वरून खाली होते. साहेब बैठकीत सर्वांदेखत पाणउतारा करतात की अडचणीत पाठीशी उभे राहतात, हे हाताखालच्या माणसाने नोंदवावे अशी सोय या साखळीत नाही. शिवाय वर्षभर एकदाही न बोललेल्या अधिकाऱ्याने दिलेले गुण पडद्यावर नीटनेटके दिसतात, म्हणून ते न्याय्य ठरत नाहीत. तीन वर्षांच्या सर्वसाधारण पदावधीत ओळख होते न होते तोच बदली होते, हेही खरे.

वाहतुकीची सोय म्हणून मी या सेवेला चांगले गुण देईन, नातेसंबंध सुधारण्याचे साधन म्हणून जेमतेम. ऑक्टोबरमध्ये वरिष्ठांनी कनिष्ठाशी समोरासमोर चर्चा केल्याची तारीख आणि चर्चेतले दोन मुद्दे भरल्याशिवाय मार्चअखेरचा अहवाल पुढे सरकू नये, एवढा एक रकाना जोडला तरी हा शेरा मी आनंदाने बदलेन.