ऑक्टोबरात ओले काजू: 'गाईड'च्या नावाखाली माझे १,५९,३०० रुपये कसे गेले

हे लिहायला पाच महिने लागले कारण लाज वाटत होती, अजूनही वाटते. पण गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या एका ओळखीच्या रेस्टॉरंटवाल्याला मला आला होता अगदी तसाच, खोट्या रेस्टॉरंट गाईडवाल्यांचा फोन आला, तेच "सर काँग्रॅच्युलेशन्स, यू आर शॉर्टलिस्टेड", आणि तो पैसे भरायच्या बेतात होता. त्याला वेळेवर अडवलं. मग म्हटलं आता लिहायचंच.

आमचं पुण्यात छोटं रेस्टॉरंट आहे, २८ खुर्च्या, कोकणातलं जेवण पण सात कोर्समध्ये वाढतो, माणशी २,४००. मी आणि बायको दोघांनी नोकऱ्या सोडून सुरू केलंय. एवढे पैसे मासे-भाताला कशाला, हे रोज ऐकावं लागतं, आणि अशा जागेला गिऱ्हाईक येतं ते कुणीतरी विश्वासाचं माणूस "जाऊन बघ" म्हणालं की मगच. ॲपवरच्या रेटिंगवर माझा कधीच विश्वास नव्हता. १०० फाइव्ह-स्टार रिव्ह्यू विकणाऱ्यांचे मेसेज मलाही येतात, एकही घेतला नाही कधी. २०१७ साली लंडनमध्ये एका पत्रकाराने स्वतःच्या अंगणातली शेड रेस्टॉरंट म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर टाकली, फोटोतलं जेवण शेव्हिंग फोम वगैरे वापरून बनवलेलं, आणि ती शेड लंडनमध्ये एक नंबरला गेली. हा किस्सा मी स्वतः लोकांना सांगायचो. त्यामुळे ॲप नको, खरा इन्स्पेक्टर येऊन जेवून जाणारी गाईड, म्हणजे चांगल्या रेस्टॉरंटची निवड छापणारं पुस्तक, हवी असं माझं ठाम मत होतं, आणि मला फसवणाऱ्या माणसाने बरोब्बर तिथेच हात घातला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये फोन आला. बोलणं एकदम अभ्यासू. मिशेलिन म्हणजे मुळात टायर कंपनी, १९०० साली गाड्यावाल्यांसाठी पुस्तक काढलं, १९२६ पासून स्टार द्यायला लागले, हे सगळं त्याला पाठ. म्हणाला, मिशेलिन भारतातल्या रेस्टॉरंटना स्टार देत नाही, दुबईपर्यंत आली पण इथे नाही, म्हणून आम्ही भारताची गाईड काढतोय, तीच पद्धत, इन्स्पेक्टर नाव न सांगता येतो, स्वतःचं बिल भरतो, तुमच्याकडे १७ ऑक्टोबरला येऊन गेला. यातलं मिशेलिनबद्दलचं सगळं खरं आहे हो! म्हणूनच तर फसलो. खोटं होतं ते फक्त त्याच्या स्वतःबद्दलचं.

आधी "प्रोसेसिंग"चे ५,९०० मागितले, भरले. मग इन्स्पेक्शन रिपोर्ट, सर्टिफिकेट आणि पितळी पाटीचे ४१,३००. मग मुंबईतल्या पंचतारांकित हॉटेलातल्या अवॉर्ड नाइटच्या दोन सीट, २३,६००. मग छापील गाईडमध्ये पूर्ण पान, ८८,५००, कारण "सर, निवड झालेल्यांपैकी फक्त तुमचंच पान राहिलंय". एकूण १,५९,३००, जीएसटी धरून. एकदम मागितले असते तर मी फोन ठेवून दिला असता. पण ५,९०० भरले की ४१,३०० ची वाट मोकळी होते, आणि ४७,२०० गेल्यावर माघार घेतली तर तेही बुडतील असं वाटतं. ही चाल सगळ्यांना माहीत असते, मलाही होती.

आता ते ओले काजू.

रिपोर्ट आला, चार पानांचा, मी तो रात्री सगळं आवरल्यावर किचनमध्ये सगळ्यांना उभं करून मोठ्याने वाचला. त्यात लिहिलेलं, ओल्या काजूची उसळ हा संध्याकाळचा कळस होता, काजूचा कोवळेपणा अप्रतिम राखलाय. आमच्याकडे वेंगुर्ल्याचा एक मुलगा आहे, भाजीचं सगळं तोच बघतो. तो पटकन म्हणाला, "दादा, ऑक्टोबरात ओले काजू तेका खंय गावले?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी त्याला गप्प केलं. "अरे, नाव लिहायला चुकला असेल," असं काहीतरी बोललो आणि पुढे वाचत गेलो.

ओले काजू फेब्रुवारी ते एप्रिल-मे, फार तर. पाऊस लागला की संपलं. आम्ही सुके भिजवून ओले म्हणून वाढत नाही, हे मी प्रत्येक टेबलावर जाऊन सांगतो, आमची सगळी ओळखच ती आहे. ऑक्टोबरात त्या जागी काळ्या वाटाण्याचं सांबार असतं. म्हणजे त्या "इन्स्पेक्टर"ने काहीही खाल्लं नव्हतं, आमच्या साइटवरचा उन्हाळ्यातला मेनू बघून चार पानं लिहिली होती. हे कळायला मला एक मिनिट पुरेसं होतं. नंतर १७ ऑक्टोबरची बुकिंग डायरी काढली तर त्या रात्री दोनच टेबलं, दोन्ही घरोब्याची. तेव्हा का नाही काढली? कारण मला ते कौतुक खरं हवं होतं. तोपर्यंत ४७,२०० च गेले होते, तिथे थांबलो असतो तर १,१२,१०० वाचले असते.

पाटी मात्र आली, डिसेंबरमध्ये कुरिअरने, चांगली जड. दाराशी लावली. जानेवारीत एक वयस्कर जोडपं लग्नाच्या वाढदिवसाला आलं, पेन्शनीतली माणसं, म्हणाले पाटी बघून आत यायचं धाडस केलं, ही गाईड कुठे विकत मिळते? मी म्हणालो, येतेय लवकरच. पैसे गेल्याचं दुःख एकीकडे, पण मी त्या माणसांना तोंडावर खोटं सांगितलं, नकळत का होईना, ते मला अजून झोपू देत नाही.

अवॉर्ड नाइट फेब्रुवारीची मार्चवर गेली, मार्चची "हॉटेलच्या रिनोव्हेशनमुळे" पुढे, एप्रिलमध्ये फोन बंद, साइट बंद. मेमध्ये आमच्या सीएने इनव्हॉइस बघितलं आणि विचारलं, पत्ता अंधेरीचा, मग जीएसटी नंबर ०७ ने सुरू कसा? महाराष्ट्राचा २७ असतो, ०७ दिल्लीचा. पोर्टलवर टाकला तर कुण्या भलत्याच फर्मचा, नोंदणी रद्द झालेली. लोक विचारतात आधी का नाही बघितलं. अहो, ५ टक्के जीएसटीवाल्या रेस्टॉरंटना इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळतच नाही, त्यामुळे असली बिलं वर्षाअखेरपर्यंत कुणी उघडत नाही, आणि त्या चोरांना हे पक्कं ठाऊक असणार. दोन मिनिटांचं काम आहे, पैसे भरायच्या आधी नंबर तपासा, मी सांगतोय म्हणून तरी.

आता पोलीस. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलो. तीन तास बसवलं. मग साहेबांनी कागद चाळले आणि म्हणाले, "पाटी आली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली?" मी म्हटलं, साहेब, ती गाईडच अस्तित्वात नाही. तर म्हणे, "तुम्ही जाहिरातीचे पैसे दिले, जाहिरात झाली नाही, हा दिवाणी मामला झाला, वकील करा." दुसऱ्यांदा गेलो तर हे सायबरचं आहे, तिकडे जा. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ओटीपी कुणी चोरला नाही, आणि आता पाच महिने झाले, खात्यात काय उरणार? बँकेत गेलो, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात तक्रारच घेतली नाही तर पत्र कसलं. असे सात हेलपाटे मारले, प्रत्येक वेळी दुपारची सर्व्हिस बायकोवर टाकून. एका ठिकाणी तर हवालदाराने विचारलं, माणशी २,४०० घेता ना, मग दीड लाखाचं काय एवढं? माझ्या दिवसभराच्या मासळीचं बिल, सहा जणांचे पगार, भाडं हे त्याला कोण सांगणार! शिकलेला माणूस फसला की त्याची कीव सोडा, मजा वाटते लोकांना. लेखी अर्ज दिलाय, त्याची पोच घ्यायलासुद्धा भांडावं लागलं. पोच घेतल्याशिवाय कुठूनही उठू नका.

ग्राहक आयोगात जावं म्हटलं तर तिथल्या एकाने सांगितलं की धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. वकिलाने कायदा दाखवला, २०१९ च्या कायद्यात व्यावसायिक कारणाला अपवाद आहे, पण तो स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंसाठी लिहिलाय. तोच सेवेलाही लावा असं आम्ही मांडणार आहोत, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी पण नाही. पण नोटीस पाठवायला पत्ता कुठला द्यायचा? अंधेरीच्या त्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे, मी स्वतः जाऊन आलो.

भाच्याने नंतर एक जुनी गोष्ट शोधून दिली. २००८ साली रॉबिन गोल्डस्टीन नावाच्या माणसाने मिलानमध्ये नसलेलंच रेस्टॉरंट कागदावर उभं केलं, २५० डॉलर फी भरून वाईन स्पेक्टेटर मासिकाकडे वाईन लिस्ट पाठवली, आणि त्याला त्यांचं अवॉर्ड ऑफ एक्सलन्स मिळालं. त्याच्या खास यादीतल्या वाईन्सना त्याच मासिकाने आधी वाईट मार्क दिले होते! ते वाचून मला बरं नाही वाटलं, रागच आला, कारण फी घेऊन दिलेल्या बक्षिसाची किंमत काय असते हे जगाला तेव्हापासून माहीत आहे आणि मी २०२४ मध्ये पितळी पाटीला ४१,३०० मोजले. मिशेलिन रेस्टॉरंटकडून यादीत येण्याचे पैसे घेत नाही. जो मागतो तो तुमचं जेवण जोखत नाहीये, तुमचा खिसा जोखतोय.

पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी, त्याच तासाला फोन लावा, माझ्यासारखा एप्रिल-मे उजाडू देऊ नका. इन्स्पेक्टर आला होता म्हणाले तर तारीख, टेबल आणि बिल नंबर विचारा, खरंच बिल भरलं असेल तर नंबर असतोच. आणि जेवायला जाणाऱ्यांनो, दारावर असली पाटी दिसली तर मालकाला विचारा ही कुणी दिली आणि किती पैसे घेतले. मला कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पाटी उतरवून कपाटात ठेवलीय, पोलिसांनी पुरावा म्हणूनसुद्धा घेतली नाही. कुणाकडे असंच अंधेरीचा पत्ता आणि ०७ ने सुरू होणारा जीएसटी नंबर असलेलं इनव्हॉइस असेल तर मला मेसेज करा, दहा-बारा जणांनी मिळून तक्रार दिली तर निदान अर्ज तरी नोंदवून घेतील. त्या वयस्कर जोडप्याचा नंबर बुकिंग डायरीत आहे, त्यांना मी या रविवारी फोन करणार आहे.