मनपाची शाळा, दोन वर्षं वापरून: साडेतीन स्टार

लेकीला मनपाच्या मराठी शाळेत घातलं तेव्हा सोसायटीतल्या लोकांनी असं बघितलं जणू माझी नोकरीच गेली. आता ती तिसरीत आहे म्हणून लिहितोय.

आधी पैशाचं. सगळे म्हणतात फुकट शाळा, अरे फुकट कुठाय? घरपट्टीचं बिल काढून बघा, शिक्षण कराची वेगळी ओळ असते त्यात, राज्याचा १९६२ चा कायदाच आहे त्यासाठी, आणि वर इन्कम टॅक्सवर शिक्षणाचा सेस, २००४ ला २ टक्क्यांनी सुरू झाला मग ३ झाला आणि २०१८ पासून आरोग्य धरून ४. म्हणजे फी मी भरतोच आहे. शेजारचेही भरतात, फक्त ते ही भरून परत इंग्लिश मीडियमची वेगळी भरतात. दुकानात पैसे देऊन झालेत तर माल निदान बघून तरी यावा, एवढाच माझा हिशोब होता.

माल कसा? वर्गशिक्षिका बाई एक नंबर. चिंचोके मांडून भागाकार शिकवला, पोरगी आता घरी भजी पण समान वाटून बाकी किती ते सांगते. पण शेजारच्या वर्गाच्या बाई इलेक्शन ड्युटीला गेल्या की दोन्ही वर्ग यांच्याच गळ्यात. आरटीईनुसार (शिक्षण हक्क कायदा) पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक हवा, पण त्याच कायद्यात जनगणना आणि निवडणुकीच्या कामाला सूट पण आहे, त्यामुळे भांडायचं कोणाशी.

खिचडी बरी असते, मी चाखलीय. आठवड्याला एक अंडं द्यायचं २०२३ च्या शेवटी ठरलं होतं, जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी बंद केला आणि सांगितलं लोकसहभागातून करा. आमच्या ग्रुपवर एक काका लगेच, ‘बरोबर आहे, टॅक्सच्या पैशाने किती पोसायचं?’ काका, कोठारी आयोगाने १९६६ ला सांगितलं होतं शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा, २०२० च्या धोरणात परत तेच ६ टक्के लिहिलंय, आणि कात्री कुठे लावायची तर पोरांच्या अंड्याला? (काका ऑफलाइन गेले.)

दीड स्टार कापला तो टॉयलेटसाठी. मुलींच्या टॉयलेटला कडी नव्हती, एक मैत्रीण बाहेर उभी राहायची मग दुसरी जायची. शेवटी मी शाळा व्यवस्थापन समितीत शिरलो, तिथे तीन चतुर्थांश मेंबर पालकच असतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. कडी लागली. चार मीटिंगा गेल्या त्यात, आणि चौथ्या मीटिंगला बिल आलं ६० रुपयांचं.