मटण स्ट्रीटवरची किटली
मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवरच्या एका चिंचोळ्या दुकानातून मी गुलाबाच्या फुलांची इंग्लिश बोन चायनाची किटली घेतली. दुकानदार चाचा म्हणाले, दीडशे वर्षं जुनी. तळाच्या शिक्क्यात ‘इंग्लंड’ होतं. अमेरिकेने १८९१पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हापासून हा शब्द सर्रास दिसतो. म्हणजे किटली बहुधा त्यानंतरची. तसं सांगितल्यावर चाचांनी वाद न घालता साडेचार हजारांचे तीन हजार केले. हा सरळपणा मला फार आवडला.

त्यांनी स्वतःच आत मोबाइलचा टॉर्च धरून दाखवला. हाडांची राख घातलेल्या या मातीतून उजेड मऊ पाझरतो, तडा असेल तर काळी रेघ उमटते. नखाने टिचकी मारली, छान खणखणली. घाईत झाकण मात्र नीट पाहिलं नाही. घरी कळलं, ते दुसऱ्याच किटलीचं आहे, चहा ओतताना सरकतं. तेवढं दुकानदाराने सांगायला हवं होतं.

आजीचं साखरदाणी-दूधदाणी विकायलाही नेलं होतं. भाव फारच पडेल सांगितला, परत आणलं. घ्यायला जरूर जा, पण शुक्रवार सोडून.